उघड्या तक्रारी

पडद्यावर एकतीस हा आकडा दिसला तेव्हा तिला आधी एवढंच वाटलं, की हा आपण पूर्वी कधीतरी मोठ्यानं वाचलाय. ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीवर बसून. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं झालं. गेल्या सोमवारीही एकतीसच होता. शहराचे आठ भाग, आठ मेकॅनिक, आठ आडव्या पट्ट्या, आणि पाचव्या भागाची पट्टी सगळ्यांत लांब, सगळ्यांत लाल, टोकाला एकतीस. एकतीस उघड्या तक्रारी. म्हणजे एकतीस ठिकाणी लिफ्ट बंद तरी होती, नाहीतर तिचं दार लागत नव्हतं, नाहीतर ती दोन मजल्यांच्या मधे कुरकुरत थांबत होती, आणि पाचव्या भागाचा मेकॅनिक आठवडाभर तिकडे फिरकलाच नव्हता, असं ती पट्टी सांगत होती. पाचव्या भागाचा मेकॅनिक तिचा दादा होता. आणि शुक्रवारी संध्याकाळी दादा फोनवर म्हणाला होता, "संपलं एकदाचं, छोटे. आता तीन-चारच राहिल्यात. आज पहिल्यांदा बसून जेवलो."

ती बोलणार होती. 'साहेब, एक मिनिट' हे शब्द जिभेवर आले होते, आणि त्यातलं 'साहेब' तर जवळजवळ बाहेर पडलंही होतं. पण धाकट्या साहेबांनी बोट हलवलं आणि पुढचं चित्र आलं. कोणत्या महिन्यात किती दुरुस्त्या, निळ्या रंगात. मग त्याच्या पुढचं. तिनंच ते तसं केलं होतं. बोट हलवलं की दोन सेकंदांत चित्र. टेबलाच्या पलीकडे बाहेरच्या कंपनीचे दोन पाहुणे बसले होते. त्यांतला एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "किती पटकन उघडतंय बघ," आणि धाकटे साहेब तिच्याकडे पाहून हसले. ती पण हसली. नंतर कितीतरी दिवस तिला ते आपलं हसू आठवत राहिलं, गालांच्या स्नायूंसकट. मग साहेब मागे आले, पट्ट्यांच्या चित्रावर, आणि म्हणाले, "म्हणजे आठाचे सहा करताना आपल्याला फार डोकं चालवावं लागणार नाही. दोन आणि पाच." दोन म्हणजे दुसऱ्या भागाचे मेकॅनिक, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, ते तसेही वर्षभरात घरी बसणार होते. त्यांच्या बावीस होत्या. आणि पाच. टेबलाच्या टोकाला बसलेल्या काकांचा हात टेबलावरून वीतभर वर उचलला गेलेला तिला दिसला. काका म्हणजे सगळ्या मेकॅनिकांवरचे सुपरवायझर, तीस वर्षं नोकरी झालेले, ऑफिसात सगळ्यांचेच काका. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि चष्म्याच्या डबीवर जाऊन थांबला. मीटिंग बारा मिनिटांत संपली.

पूर्वी ह्या मीटिंगला दीड तास लागायचा. आठ वर्षांच्या नोंदी होत्या, आणि चित्र उघडायचं म्हटलं की कॉम्प्युटर त्या सगळ्याच्या सगळ्या पहिल्यापासून चाळत बसायचा, मग ते चित्र दहा जणांनी दहा मिनिटांपूर्वी पाहिलेलं का असेना. अकरा मिनिटं. तिनं घड्याळ लावून मोजली होती. पडद्यावर एक चकती फिरत राहायची आणि थोरले साहेब म्हणायचे, "गिरणी सुरू झाली. बोला आता." मग लोक बोलायचे. काकांना तर तो वेळ आंदण दिल्यासारखा होता. ते एकेका भागाचं सांगत जायचे, कुठे मालकानं मोटार बदलायला नकार दिलाय, कुठे वरच्या मजल्यावरची मुलं दारात चप्पल अडकवून खेळतात, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून तो सध्या सावकाश आहे. चकती थांबायची, चित्र यायचं, आणि तोवर खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक झालेलं असायचं की ही पट्टी लांब का आणि ती आखूड का. थोरले साहेब आजारी पडून घरी बसले आणि धाकटे आले. पहिल्याच सोमवारी त्यांनी ती चकती पाहिली. पाच मिनिटांनी ते उठून खिडकीपाशी गेले, परत आले, आणि तिला म्हणाले, "ही चकती मला पुन्हा दिसता कामा नये."

तिनं तीन आठवडे खपून ते काम केलं होतं. कॉलेज असं तिनं फारसं पाहिलेलं नव्हतं. जे येत होतं ते सगळं इथेच, खुर्चीवर बसून, चुकत चुकत आलेलं. त्यामुळे ते जमलं तेव्हा तिला जो आनंद झाला तो कुणाला सांगता येण्यासारखा नव्हता. काकांनी विचारलं, तर तिनं सांगितलं, "कॅश बसवलाय." काका म्हणाले, "कॅश? मग तिजोरीत ठेव, इथे कशाला." ती हसून हसून बेजार झाली. मग तिनं त्यांना नीट समजावलं. पूर्वी ती तक्रारींच्या फोनवर बसायची तेव्हा लोक नेहमी तेच तेच विचारायचे, आणि प्रत्येक वेळी उठून कपाटातली वही काढायला लागू नये म्हणून तिनं उत्तरं एका कागदावर लिहून तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला होता. हे तसंच. पहाटे एकदाच सगळा हिशेब करायचा, तयार चित्र बाजूला ठेवून द्यायचं, आणि दिवसभर जो विचारील त्याला ते ठेवलेलं चित्र दाखवायचं. काका म्हणाले, "आणि मधे काही बदललं तर?" ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा होतोच की हिशेब." काका जरा वेळ विचार करून म्हणाले, "बरं आहे. पण मग आम्ही बोलायचं कधी?" तेही तिला तेव्हा विनोदच वाटलं होतं.

मीटिंगनंतर ती जागेवर येऊन बसली आणि चूक कुठे झाली ते शोधायला लागली. शोधायला फार वेळ लागला नाही. पाचव्या भागाचा हिशेब आठ दिवसांपूर्वी, एका रविवारी पहाटे, शेवटचा झालेला होता. त्यानंतर तक्रार लिहून घेणाऱ्या कुणीतरी एका तक्रारीची तारीख टाकताना महिन्याच्या जागी तेरा टाकला होता. रोज पहाटे कॉम्प्युटर पाचव्या भागाच्या नोंदी चाळत तिथपर्यंत यायचा, तेराव्या महिन्यापाशी अडखळायचा आणि सोडून द्यायचा. सोडून दिल्यावर काय करायचं हे तिनंच त्याला सांगून ठेवलं होतं. अडलास तर रिकामी जागा दाखवू नकोस, मागचं दाखव. कारण रिकामी जागा साहेबांना आवडणार नाही असं तिला वाटलं होतं. आणि चित्राच्या खाली एक बारीक ओळ असायची, हे चित्र अमुक तारखेचं आहे अशी. ती धाकट्या साहेबांनी महिन्यापूर्वी काढायला लावली होती. "खाली ते मुंग्यांसारखं काय आहे?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि तिनं त्यांच्या समोरच ती ओळ पुसली होती. एका बोटानं.

आणि त्याच्या आदल्या दिवशीचा तो शनिवार. त्या शनिवारी पाचव्या भागात विजेचा दाब एकदम वाढला होता आणि गल्लीच्या गल्ली लिफ्टच्या विजेच्या पेट्या जळाल्या होत्या. एका दिवसात एकतीस. दादाच्या बावीस वर्षांतला तो सगळ्यांत वाईट दिवस. दादा त्या दिवसापासून शुक्रवारपर्यंत फक्त झोपायला घरी गेला. वहिनीनं तिला फोन करून सांगितलं होतं, की तो बूट न काढताच झोपतो, सकाळी तेच बूट घालून जातो, मी म्हटलं निदान मोजे तरी बदला. आठ वर्षांच्या हजारो पहाटांमधून नेमकी त्या शनिवारनंतरची एक पहाट धरून चित्र थांबलं होतं. तेराव्या महिन्याचा पहिला महिना करून तिनं हिशेब पुन्हा चालवला. तिनं डोळे मिटून घेतले नाहीत, पण पडद्याकडेही पाहिलं नाही. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई चटई झटकत होती, तिच्याकडे पाहत राहिली. मग पाहिलं. पाचव्या भागाची पट्टी नखाएवढी झाली होती. चार. आठांत सगळ्यांत कमी. तिनं आणखी दोनदा चालवून पाहिलं. चार. चार.

एकोणीस वर्षांची असताना दादानंच तिला इथे आणलं होतं. वडील गेल्यावर शिक्षण अर्धवट राहिलं होतं आणि ती घरात नुसती भिंतीला पाठ लावून बसून असायची. दादा म्हणाला होता, चल, फोन उचलता येतो ना तुला. तेव्हा लिफ्टमध्ये अडकलेली माणसं थेट तिच्या टेबलावरच्या फोनवर बोलायची. लिफ्टमध्ये एक लाल बटण असायचं, ते दाबलं की तिच्यापाशी वाजायचं. पहिल्या आठवड्यात एक बाई अडकली होती. ती बोलतच नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. तिनं घाबरून दादाला दुसरा फोन लावला. दादा म्हणाला, "तिच्याशी बोलत राहा. मी वीस मिनिटांत पोचतो." ती म्हणाली, "मी सांगते तिला, पाच मिनिटांत येतायत." तेव्हा दादा रागावला होता. "पाच नाही. वीस सांग. आत बसलेला माणूस वीस मिनिटं काढू शकतो गं, पाचाची सहा झाली की तो वेडा होतो." तिनं वीस सांगितलं. आणि बाई पहिल्यांदा बोलली, म्हणाली, बरं. मग त्या वीस मिनिटांत तिनं त्या बाईला काय काय विचारलं होतं, घरी कोण कोण, मुलगी कितवीत, आज जेवायला काय केलंय. शेवटी फोनमधून लोखंडावर ठोकल्याचा आवाज आला, आणि मग दादाचा आवाज, लांबून, "ताई, मागे सरका हं जरा." बाई रडायला लागली आणि फोन बंद करायला विसरली. ती इकडे बसून ते रडणं ऐकत राहिली आणि तिला फार बरं वाटलं. कुणीतरी कुठेतरी अडकलं आणि कुणीतरी तिथे पोचलं, आणि त्या दोघांच्या मधे आपण होतो.

साहेब चार वाजता मोकळे झाले. तोवर ती कागद छापून घेऊन बाहेरच्या बाकावर बसून होती. साहेबांनी तिला आत बोलावलं, बसा म्हणाले, कागद हातात घेऊन नीट पाहिला. ते वाईट नव्हते. तिला पुढे पुढे ह्याचाच जास्त त्रास झाला. वाईट असते तर बरं झालं असतं.

"चार?" ते म्हणाले.

"चार. सकाळचा आकडा जुना होता. चूक माझी आहे."

"बरं झालं लक्षात आलं. पुन्हा असं होणार नाही ह्याची काहीतरी सोय करा."

"करते. पण ते पाचव्या भागाचं सकाळी तुम्ही जे..."

"ते तुमचे भाऊ आहेत, माहीत आहे मला." साहेबांनी कागद टेबलावर ठेवून तिच्याकडे फिरवला. "हे बघा, आठाचे सहा हे काही तुमच्या चित्रावरून ठरलेलं नाही. ते आधीच ठरलंय, आणि ते माझ्याही हातात नाही. चित्रावरून फक्त कोण एवढंच ठरलं. दुसऱ्या भागाबद्दल वाद नाही. आता पाचवा नाही म्हणता, तर मग कोण ते सांगा."

"मी?"

"आकडे तुमचे आहेत. मी सकाळीही तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवला, आत्ताही ठेवतो. ह्या कागदावर तिसरा भाग दिसतोय. एकोणीस. तुम्ही म्हणत असाल तर पाचाच्या जागी तीन लिहितो. पत्रं पाच वाजता सहीला येतात. तोवर सांगा."

ती कागद घेऊन जागेवर आली. तिसरा भाग म्हणजे चष्मेवाला. काकांच्या वयाला आलेला, जाड भिंगांचा, कुणाशी फार न बोलणारा माणूस. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं आणि उजव्याचं करायला तो घाबरत होता. मेकॅनिकांच्या फोनवर तक्रारी दिसायला लागल्या तेव्हा तिनं सगळ्यांना बसवून शिकवलं होतं. सगळे उठून गेल्यावर तो एकटा मागे राहिला होता. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत म्हणाला होता, "मॅडम, अक्षरं जरा मोठी होतील का? सगळ्यांची नकोत. माझ्यापुरतीच." तिनं त्याच्यापुरती केली होती. आजही तिच्याकडे जी यादी होती तिच्यात एकाच नावापुढे ती खूण होती. त्यानं फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिला होता आणि एवढा खूश झाला होता की दुसऱ्या दिवशी बायकोला ऑफिसात घेऊन आला, तिला लांबून दाखवायला, ह्या त्या मॅडम म्हणून. बायको दारातच उभी राहिली होती, आत आली नव्हती.

काका आले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिनं काही न बोलता कागद त्यांच्यापुढे केला. काकांनी तो हातभर लांब धरून वाचला आणि खुर्ची ओढून बसले.

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "एकतीस कसे असतील. त्यानं एकेक करून मिटवल्या, मी रोज फोन करत होतो ना त्याला."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

मग काका म्हणाले, "पूर्वी मधे वेळ असायचा गं. आता हात वर करावा म्हणतो तोवर चित्र पुढे गेलेलं असतं. आणि गेलेलं चित्र परत मागवायचं म्हणजे साहेबांना थांबवायचं. मी साठीला आलो, मला नाही जमत."

तिनं त्यांना साहेब काय म्हणाले ते सांगितलं. काकांनी चष्म्याची डबी उघडली, मिटली.

"एकोणीस म्हणतोस तर," ते कागदाला बोलल्यासारखं म्हणाले, "त्यातल्या अकरा एकाच लिफ्टच्या आहेत. त्या जुन्या इमारतीतली. ती दुरुस्त होण्यातली नाहीच, बदलायलाच हवी. मालक बदलत नाही. लोक दर दोन दिवसांनी तीच तक्रार करतात, आणि ह्या बिचाऱ्याच्या नावावर चढत जातात. त्याच्याही खऱ्या आठच."

"मग चौथा? सहावा?"

"त्यांचंही काही ना काही निघेल." काका उठले. "मला विचारू नकोस. मी त्या आठही जणांच्या घरी जेवलोय."

ते गेले. पाचाला पस्तीस मिनिटं होती. तिनं कागद उपडा ठेवला, मग सुलटा केला. ह्या वेळात काहीतरी करण्यासारखं असणार असं तिला वाटत होतं. आकड्यांत तिचं आयुष्य गेलं होतं आणि आकड्यांपाशी नेहमी काहीतरी करण्यासारखं असतं. त्या अकरा तक्रारींची एक धरली तर. वयाप्रमाणे लावलं तर. अंतर मोजलं तर. तिनं खरंच तसं दोन-तीन प्रकारे करून पाहिलं. प्रत्येक वेळी पट्ट्या थोड्या हलायच्या, वर-खाली व्हायच्या, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी सगळ्यांत खाली असायचंच. खाली कुणीच नाही असं चित्र तिला काढता येईना. तिनं दादाला फोन लावला आणि घंटा वाजायच्या आत तोडला. त्याला काय विचारणार होती? तुझं नाव काढून त्याचं घालू का? तो काय म्हणेल हे तिला सांगता येत नव्हतं, आणि ते सांगता येत नाही ह्याचीच तिला भीती वाटली. सबंध आयुष्य ज्या माणसाच्या पाठीमागे चालण्यात गेलं, तो अशा वेळी काय म्हणेल हे आपल्याला माहीत नाही. ती पाणी प्यायला उठली. पाण्याच्या जागेवरून साहेबांच्या खोलीचं दार दिसत होतं. वीस पावलं. आत जायचं आणि एक शब्द बोलायचा. 'तीन.' किंवा दुसरा शब्द बोलायचा. किंवा म्हणायचं, मी सांगणार नाही, माझं हे काम नाही. तेही एक बोलणंच झालं असतं. पण ती ग्लास हातात धरून उभी राहिली. ग्लास रिकामा झाला तरी पीत असल्यासारखी. तिला आपल्या मनात काय ठरतंय ते ऐकू येईल असं वाटत होतं. मनात काहीच ठरत नव्हतं. फक्त ग्लासाच्या कडेचा धातूसारखा वास येत होता. मग ऑफिसचा शिपाई काखेत निळी फाइल घेऊन तिच्या शेजारून गेला, जाताना म्हणाला, "मॅडम, जरा सरकता का," आणि ती सरकली. त्यानं साहेबांचं दार ढकललं. दार आपोआप मिटलं. भिंतीवर पाच वाजले होते.

पत्र दादाला मंगळवारी मिळालं. त्यानं तिला फोन केला नाही, तिनंही केला नाही. बुधवारी वहिनीचा आला. ती एवढंच म्हणाली, "रविवारी याल का? ते बोलत नाहीत फारसं." रविवारी दुपारी ती गेली. वहिनीनं दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे दाखवलं. दादा जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून बसला होता. कंपनीची हत्यारं एकीकडे आणि स्वतःची एकीकडे अशी त्यानं लावली होती, आणि मधे काही होती ज्यांचं नक्की कुणाची ते ठरत नव्हतं. तो एक पान्हा फडक्यानं पुसत होता. तिला पाहून म्हणाला, "ये. तिथे तेल आहे, बघून बस."

ती बसली. येताना वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, पण तिनं ती वापरली नाहीत. तेरावा महिना, शनिवार, थांबलेलं चित्र, पुसलेली ओळ, सगळं जसं घडलं तसं सांगत गेली. तो ऐकत होता आणि पुसत होता. एकदाच थांबला.

"किती दिसत होते म्हणालीस?"

"एकतीस."

"मोठ्या अक्षरात?"

"पट्टीच्या टोकाला असतो आकडा. लाल पट्टी."

"आणि सगळे बसले होते. काका पण?"

"काका पण."

दादानं पान्हा स्वतःच्या बाजूला ठेवला, मग उचलून कंपनीच्या बाजूला ठेवला. "बावीस वर्षांत माझ्या कधी दहाच्या वर राहिल्या नाहीत," तो म्हणाला. "त्या शनिवारी आल्या एकतीस, पण मी राहू दिल्या नाहीत. नोकरी जायची तर गेली, ते सोड. पण त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला वाटलं असेल की हा आठवडाभर घरी झोपला होता. आणि आता त्यांना सांगायला कोण जाणार?"

"मी साहेबांना सांगितलं. खरं चित्र दाखवलं. चार."

"दाखवलंस?" त्याचा चेहरा बदलला. इतका सरळ, इतका लगेच बदलला की तिला खाली पाहावं लागलं. "काय म्हणाले?"

"बरं झालं लक्षात आलं म्हणाले."

"मला दाखव. चार कसे दिसतात ते बघू."

तिनं विचार न करता फोन काढला आणि चित्र उघडून त्याच्यासमोर धरलं. धरल्यावर तिच्या लक्षात आलं. पट्ट्या सहाच होत्या. दुसरा भाग नव्हता आणि पाचवा भाग नव्हता. शुक्रवारी नावं यादीतून निघाली होती आणि शनिवारी पहाटे हिशेब नीट, न अडखळता, वेळेवर झाला होता. आता कुठेही न अडखळण्याची सोय तिनंच त्या आठवड्यात केली होती. दादानं फोन तिच्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. बोटाला तेल होतं म्हणून त्यानं ते पडद्याला लागू न देता, हवेतच, एकेका पट्टीवरून फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"ही लाल कुणाची?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्याची. तुझा भाग त्याच्याकडे दिलाय."

"चष्मेवाला?" दादानं आकडा वाचला. "सव्वीस. आणि माझ्या चार होत्या."

"हो."

"त्याला दिसत नाही गं नीट. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरतो तेव्हा मी वरून बॅटरी धरायचो कितीतरी वेळा." त्याच्या आवाजात दया होती की दुसरं काही, तिला कळेना. "हा राहिला आणि मी गेलो. ह्याला कसं काय ठेवलं?"

स्वयंपाकघरात वहिनीनं नळ सोडला होता, तो तिनं त्याच वेळी बंद केला, आणि घर एकदम शांत झालं. त्या शांततेत बोलायला भरपूर वेळ होता. तिनं दादाच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांमध्ये काळं बसलेलं होतं, ते आता कितीही धुतलं तरी जाणारं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दादानं मान हलवली आणि फोन फडक्याच्या कोरड्या टोकानं धरून तिला परत दिला. "जाऊ दे. तू एवढं तोंड पाडून बसू नकोस. तू सांगून बघितलंस. तुझ्या हातात काय होतं?" मग तो पुन्हा वर्तमानपत्रावर वाकला आणि मधल्या ढिगातला एक स्क्रू-ड्रायव्हर उचलून, तो कंपनीचा की आपला, ते उजेडात फिरवून पाहायला लागला.

"वन्सं," आतून वहिनी म्हणाली, "जेवायला थांबताय ना?"

"थांबते," ती म्हणाली.